काळ्या जमिनीतील पर्जन्यबाग : डाळज परिसराच्या अनुषंगाने एक विवेचन

१. विषयप्रवेश

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग भिगवण ओलांडून इंदापूरच्या दिशेने निघाला म्हणजे डाळजची गावे लागतात. उत्तरेस भीमा नदीवरील उजनी जलाशयाचा फुगवटा आणि दक्षिणेस हळूहळू उंचावत जाणारा माळ, असा हा परिसर आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या इंदापूर व बारामती या तालुक्यांत वर्षाकाठी सरासरीने सुमारे ५०० मि.मी. पाऊस पडतो. अशा अवर्षणप्रवण मुलुखात पावसाच्या पाण्याचा उपद्रव होतो असे म्हटल्यास ते प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु अलीकडच्या वर्षांचा अनुभव निराळा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीला मोठा पूर येऊन बारामतीतील हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. ऑक्टोबर २०२० च्या मध्यास बंगालच्या उपसागरातून आलेल्या न्यून दाबाच्या क्षेत्रामुळे इंदापूर, दौंड व बारामती या तालुक्यांत अतिवृष्टी झाली, ओढ्यांना पूर आले आणि महामार्गावरील वाहतूक खोळंबली. मे २०२५ च्या अखेरीस, मोसमी पावसाच्या नेहमीच्या आगमनापूर्वीच, याच भागात इतका पाऊस झाला की बारामती तालुक्यात पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला.

पाऊस थोडे दिवस पडावा, परंतु पडेल तेव्हा जोराने पडावा, हे अल्प पावसाच्या प्रदेशाचे लक्षणच होय. ज्या वस्तीत सप्टेंबरात गल्लीचे पाणी उंबऱ्याशी येते, त्याच वस्तीला एप्रिलात पिण्याच्या पाण्याची चिंता पडते. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय सुचविला जातो. तो असा, की छपरावरचे पाणी गटारात न सोडता घराच्या परसातच मुरवावे. यासाठी अमेरिकेत गेल्या तीन-साडेतीन दशकांत जी रचना रूढ झाली, तिला 'रेन गार्डन' म्हणतात. मराठीत तिला 'पर्जन्यबाग' म्हणता येईल. ही रचना काय कार्य करते, आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत ती जशीच्या तशी उचलून आणल्यास काय होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. पर्जन्यबागेचे स्वरूप

पर्जन्यबाग म्हणजे परसातील एक उथळ, सपाट तळाचा खोलगट वाफा होय. छपराच्या पन्हळीतून उतरणारे पाणी उतारावरून किंवा लहान चरातून या वाफ्यात आणतात. पाणी तेथे वीतभर उंचीपर्यंत साठते, मातीत झिरपते, आणि एक-दोन दिवसांत वाफा पुन्हा कोरडा होतो. वाफ्यात खोल मुळांच्या, पाणी व कोरड दोन्ही सोसणाऱ्या वनस्पती लावलेल्या असतात. जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी एका कडेला सांडवा ठेवतात. तळे व पर्जन्यबाग यांतील भेद येथेच आहे. तळ्यात पाणी राहावे अशी अपेक्षा असते, तर पर्जन्यबागेत पाणी राहिले तर ती बिघडली असे समजावे.

अशी रचना निवासी वसाहतीत प्रथम मोठ्या प्रमाणावर योजली गेली ती अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात, १९९० च्या सुमारास. तेथील समरसेट या वसाहतीत प्रत्येक घराच्या आवारात सुमारे ३०० ते ४०० चौरस फुटांची बाग करण्यात आली. तिच्या उपयुक्ततेचा सर्वांत बोलका पुरावा मात्र मिनेसोटा राज्यातील बर्न्सव्हिल या गावातून मिळाला. २००३ साली तेथील एका वस्तीत १७ पर्जन्यबागा केल्या, शेजारची तशीच दुसरी वस्ती तुलनेसाठी पूर्ववत ठेवली, आणि दोहोंकडून वाहून जाणारे पाणी मोजले. बागा असलेल्या वस्तीतून वाहून जाणाऱ्या पाण्याचे घनमान सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

महाराष्ट्राला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. न्हाणीच्या मोरीचे पाणी परसात सोडून त्यावर केळ, अळू, कर्दळ वाढविण्याची रीत घरोघर होती. अलीकडे नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाण्याची गटारे व डास यांपासून सुटका करून घेतली, आणि पुढे जिल्हा परिषदेने तो प्रयोग जिल्हाभर नेला. परंतु मोरीचे पाणी रोज थोडे थोडे येते, तर छपराचे पाणी वर्षातून मोजक्या दिवशी आणि एकदम येते. म्हणून शोषखड्ड्याचे गणित पर्जन्यबागेला लागू पडत नाही.

३. वस्तीतून पाणी किती वाहते

पडलेल्या पावसापैकी जो भाग जमिनीत न मुरता पृष्ठभागावरून वाहून जातो त्यास 'अपधाव' म्हणतात. पूर्व पुणे व सोलापूर भागातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे मातीच्या जाड धाब्याची असत. पावसाचा पहिला काही भाग ती माती शोषून घेई, आणि उरलेले पाणी सावकाश गळे. अंगणे शेणाने सारवलेली असली तरी मातीचीच होती. आता माळवदाच्या जागी काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्रा आला, अंगणात फरशी आली आणि गल्लीवर सिमेंटचा थर बसला. पाऊस वाढलेला नसतानाही वस्तीचा अपधाव वाढतो तो या कारणाने.

एक सोपे उदाहरण घेऊ या. ५० घरांची वस्ती असून प्रत्येक घराचे छप्पर ८० चौरस मीटर आहे, आणि तासाला ४० मि.मी. या वेगाने पाऊस पडत आहे, असे समजावे. छपरावर पडलेल्या पाण्याचा नऊ-दशांश भाग खाली येतो असे धरल्यास प्रत्येक घराकडून तासात २.८८ घनमीटर, म्हणजे २,८८० लिटर पाणी उतरेल. ५० घरांचे मिळून ते १४४ घनमीटर होईल, म्हणजे सेकंदाला ४० लिटर. गावातील सामान्य उघड्या गटारीची वहनक्षमता, तिच्यातील गाळ व कचरा जमेस धरता, पुष्कळदा याहून कमी असते. गल्लीत पाणी तुंबण्याचे कारण ओढ्याचा पूरच असतो असे नाही. पुष्कळदा ते वस्तीच्या स्वतःच्या छपरांचेच पाणी असते. ज्या घराची जमीन सर्वांत खोलगट, त्या घरात ते शिरते, आणि असे घर बहुधा ज्याला उंचवट्याची जागा परवडली नाही अशा कुटुंबाचे असते. वरच्या आळीने आपले पाणी आपल्या परसात अडविले तर त्याचा लाभ खालच्या आळीला होतो. पर्जन्यबाग ही खासगी जागेत केलेली सार्वजनिक सोय आहे ती या अर्थाने.

४. काळ्या जमिनीचा स्वभाव

आता प्रश्न जमिनीचा. पाणी मुरण्याचा वेग आरंभी अधिक असतो, उत्तरोत्तर मंदावतो आणि शेवटी एका स्थिर मर्यादेवर येतो, हे रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने १९३३ साली सूत्ररूपाने मांडले. काळ्या जमिनीच्या बाबतीत आरंभीचा वेग आणि अखेरचा वेग यांत जे अंतर पडते ते इतर जमिनींच्या मानाने विलक्षण आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात खोल काळ्या जमिनीवर घेतलेली मापे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला अर्धा तास : ताशी ७६ मि.मी.
दुसरा अर्धा तास : ताशी ३४ मि.मी.
दुसरा तास : ताशी ४ मि.मी.
१४४ तासांनंतर : ताशी ०.२१ मि.मी.

या आकड्यांमागील कारण मातीच्या खनिजांत आहे. बेसॉल्ट खडकाच्या विघटनातून झालेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असून तीत स्मेक्टाइट गटातील खनिजे प्रमुख असतात. या खनिजांचे पापुद्रे एकमेकांमधील फटींत पाणी घेऊन फुगतात आणि ते गेले म्हणजे आक्रसतात. उन्हाळ्यात जमीन आक्रसून तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात. पहिले पाणी मातीतून नव्हे, तर या भेगांतून खाली उतरते. थोड्याच वेळात माती फुगते, भेगा मिटतात, आणि जी जमीन चाळणीसारखी पाणी पीत होती ती जवळजवळ मातीच्या मडक्यासारखी होते.

डाळज परिसराच्या दृष्टीने यात एक विशेष अडचण आहे. या पट्ट्यात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात व परतीच्या पावसात असतो. रब्बी ज्वारीची पेरणी येथे त्याच ओलीवर होत आली आहे. म्हणजे वळवाची सर भेगाळलेल्या जमिनीवर पडून मुरून जाते, परंतु खरा मोठा पाऊस येतो तेव्हा जमीन आधीच फुगून मिटलेली असते. म्हणून मुरण्याची चाचणी कोणत्या महिन्यात घेतली, याला येथे फार महत्त्व आहे. वैशाखात खड्डा खणून त्यात पाणी ओतले तर ते पाहता पाहता नाहीसे होईल आणि जागा उत्तम असल्याचा भ्रम होईल. तीच चाचणी भाद्रपदात घेतली तर पाणी दुसऱ्या दिवशीही तेथेच दिसेल. बागेची आखणी भाद्रपदातील आकड्यावरून केली पाहिजे.

५. आयात केलेल्या नमुन्याचे गणित

पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत सुचविलेली साधी बाग, म्हणजे आहे त्या मातीत १५ सें.मी. खोल केलेला वाफा, खोल काळ्या जमिनीत केल्यास काय होईल? वाफा एकदा भरला की ताशी सुमारे ०.२ मि.मी. वेगाने १५० मि.मी. पाणी मुरण्यास ७५० तास, म्हणजे सुमारे ३१ दिवस लागतील. या वेगाने दिवसाला जेमतेम ५ मि.मी. पाणी मुरते. सप्टेंबरातील बाष्पीभवनाने साधारण तितकेच पाणी उडून जाते असे धरले तरी वाफा कोरडा होण्यास पंधरवडा लागेल. डासांची अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास अनुकूल हवामानात साधारणतः सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे अशी बाग पाणी मुरविणार नाही, पुढच्या पावसाला जागा देणार नाही, मुळे कुजवील आणि डास मात्र वाढवील. बर्न्सव्हिलला जे यश आले त्यात तेथील पाझर चांगला असलेल्या जमिनीचा मोठा वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

दख्खनमधील मृद्संधारणाच्या इतिहासात हा धडा पूर्वी एकदा गिरविला गेला आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन १९२३ मध्ये मांजरी येथे सुरू झाले आणि १९३३ पासून सोलापूर येथे त्याचा विस्तार झाला. मुंबई इलाख्यात पुढे जी बंडिंगची मोहीम झाली, तीत समपातळीवरचे बांध सर्वत्र घालण्यात आले. हलक्या व मध्यम जमिनीत त्यांनी चांगले काम दिले. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी तुंबून पिके पिवळी पडू लागली आणि बांध फुटू लागले. त्यानंतर अशा जमिनीसाठी किंचित उतार दिलेले ढाळीचे बांध आणि जास्तीच्या पाण्याला वाट, हे तत्त्व मान्य झाले. काळ्या जमिनीत पाणी अडविण्याची व्यवस्था करताना ते पुढे नेण्याचीही व्यवस्था करावी लागते, हा शेतातला नियम परसालाही तितकाच लागू आहे.

६. मुरमापर्यंतची वाट

काळ्या मातीखाली दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो, म्हणजे अर्धवट कुजलेला, भुगा झालेला बेसॉल्ट. त्याखाली फटी असलेला खडक आणि शेवटी अखंड काळा पाषाण. विहिरींना जे पाणी लागते ते मुख्यतः मुरमात व फुटलेल्या खडकात. तेव्हा पर्जन्यबागेचे पाणी काळ्या थरात सोडण्याऐवजी तो थर ओलांडून मुरमाला भेटविणे, हा येथील खरा उपाय होय. माळाकडील बरड जमिनीत मुरूम वीत-दोन वितींवर असतो. तेथे काम सोपे आहे. नदीकडे जावे तसा काळ्या मातीचा थर जाड होत जातो.

मध्यम खोलीच्या जमिनीसाठी रचना अशी करता येईल. वाफ्याच्या तळाची काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून टाकावी. तळाशी हातभर जाडीचा गोट्यांचा किंवा खडीचा थर न देता केवळ बोटभर जाडीचा बारीक खडीचा थर द्यावा, म्हणजे वरची माती खाली उतरून मुरमाच्या फटी बुजविणार नाही. त्यावर निम्म्याहून अधिक भरड वाळू आणि उरलेला भाग पोयटा व पूर्ण कुजलेले खत, असे मिश्रण ६० सें.मी. जाडीने भरावे. वर १५ सें.मी. खोलगट भाग मोकळा ठेवावा. काढलेली काळी माती वाफ्याच्या उताराकडील बाजूस ताल घालण्यास उपयोगी पडते. ती पुन्हा मिश्रणात घालण्याचा मोह टाळावा, कारण वाळूत मिसळलेली थोडी चिकणमातीही तिच्यातील पोकळ्या बुजवून टाकते.

वर घेतलेल्या ८० चौरस मीटरच्या घराचेच गणित पुढे नेऊ. ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब, म्हणजे १२ चौरस मीटर तळाची बाग आहे, मिश्रणातील पाण्याला मोकळी असणारी पोकळी २० टक्के आहे आणि तळाचा मुरूम ताशी १० मि.मी. पाणी घेतो, असे गृहीत धरावे. वरच्या मोकळ्या भागात १.८ घनमीटर आणि मिश्रणात १.४४ घनमीटर, असे ३.२४ घनमीटर पाणी मावते. एका तासात मुरूम ०.१२ घनमीटर घेतो. एकूण ३.३६ घनमीटर. तासाभरात ४० मि.मी. पाऊस झाल्यास छपराकडून २.८८ घनमीटर येते आणि बागेवर थेट पडणारे पाणी ०.४८ घनमीटर असते. त्यांचीही बेरीज ३.३६ घनमीटरच होते. म्हणजे छपराच्या सुमारे सातव्या हिश्शाची ही बाग तेवढा पाऊस पूर्णपणे सामावून घेते. पाऊस थांबल्यावर पृष्ठभागावरचे पाणी १५ तासांत दिसेनासे होते आणि मिश्रणातील पाणी त्यानंतर १२ तासांत उतरते. २७ तासांनी, शेतकऱ्याच्या भाषेत, बाग वाफशावर येते आणि दुसऱ्या पावसाला सज्ज होते.

या सर्व हिशोबात मुरमाचा आकडा निर्णायक आहे. मुरूम सगळीकडे सारखा नसतो. कोठे तो वाळूसारखा मोकळा, तर कोठे चिकणमातीने भरलेला असतो. म्हणून चाचणी वरच्या मातीत नव्हे, तर मुरमाच्या पातळीवर घ्यावी. तळाशी हातभर खोल लहान खड्डा करावा, तो रात्रभर पाण्याने भरून ठेवावा, सकाळी पुन्हा भरून दर तासाला पातळी किती खाली जाते ते मोजपट्टीने मोजावे. खड्ड्याच्या बाजूंतूनही थोडे पाणी जात असल्याने मिळालेला आकडा निम्मा धरून आखणी करणे शहाणपणाचे. ताशी ५ मि.मी. पेक्षा कमी आकडा मिळाल्यास वरचा खोलगट भाग १५ ऐवजी ७-८ सें.मी. ठेवून बागेचे क्षेत्र वाढवावे. मुरूम दोन-तीन मीटरपर्यंत लागतच नसेल, तर मिश्रणाच्या तळाशी छिद्रांचा नळ घालून त्याचे तोंड ओढ्याकडे काढावे. अशी बाग पाणी मुरवीत नाही, केवळ थोपवून गाळून सावकाश सोडते. परंतु वस्तीच्या गटारावरील भार कमी करण्यास तेवढेही पुरेसे ठरू शकते.

७. वनस्पतींचे कार्य

पर्जन्यबागेतील झाडे शोभेसाठी असतात असा समज आहे. तो अपुरा आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चिकण जमिनीवरील दोन बागांची तुलना केली आहे. हिरवळीचे साधे गवत असलेल्या बागेत पाणी मुरण्याचा मध्यवर्ती वेग ताशी सुमारे ७ मि.मी. होता, तर खोल मुळांच्या स्थानिक गवताळ वनस्पती असलेल्या बागेत तो सुमारे २२ मि.मी., म्हणजे तिपटीहून अधिक होता. मुळे मातीत वाटा पाडतात आणि मेलेल्या मुळांच्या नळ्या मागे राहतात. त्यांतून पाणी व हवा दोन्ही खाली जातात. मॅडिसनची चिकण जमीन आणि दख्खनची फुगणारी काळी जमीन एक नव्हेत. तरीही मुळांचा हा गुण मिश्रणाचा थर मोकळा ठेवण्यास येथेही कामी येईल.

वनस्पतींची निवड करताना कसोटी दुहेरी ठेवावी लागते. दोन दिवस पाण्यात उभे राहता आले पाहिजे आणि त्यानंतर सात-आठ महिने पाण्यावाचून काढता आले पाहिजेत. मोरीवरचे अळू व केळ पहिल्या कसोटीस उतरतात, दुसरीस नाही. वाळा या दृष्टीने उत्तम आहे. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. ओढ्याकाठी आपोआप वाढणारी निर्गुडी पूर आणि कोरड दोन्ही सोसते, आणि जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. बागेच्या कडेवर, जेथे पाणी कमी वेळ राहते, तेथे अडुळसा व गवती चहा चालतील. शेवग्याला पाणी तुंबलेले सोसत नाही, म्हणून तो तालीच्या माथ्यावरच लावावा.

८. कोठे करू नये

कोणतीही रचना कोठे वर्ज्य आहे हे सांगितल्यावाचून तिचे विवेचन पुरे होत नाही. पहिले पथ्य घराच्या पायाचे. काळी जमीन फुगते व आक्रसते, आणि पायाची एक बाजू ओली व दुसरी कोरडी राहिली की भिंतींना तडे जातात. अमेरिकेत बाग घरापासून किमान १० फूट दूर असावी असे सांगतात. फुगणाऱ्या जमिनीत हे अंतर शक्य तितके वाढवावे आणि पन्हळीचे पाणी तेथवर पक्क्या चरातून किंवा नळाने न्यावे. दुसरे पथ्य शौचालयाच्या शोषखड्ड्याचे. त्याच्या वरच्या अंगास पाणी मुरविल्यास मैला विहिरीकडे ढकलला जाण्याचा धोका आहे.

तिसरे पथ्य भूजलाच्या पातळीचे, आणि बारामती तालुक्याचा इतिहास त्याबाबत पुष्कळ शिकवितो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागल्यावर अवर्षणाची जमीन बागायती झाली. परंतु निचरा नसलेल्या खोलगट भागांत भूजल वर चढले, पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागी आले आणि चांगल्या जमिनी चोपण झाल्या. दख्खनच्या कालव्यांवरील या पाणथळीच्या प्रश्नामुळेच मुंबई सरकारने १९१६ साली सिंचनाचा विशेष विभाग स्थापन केला. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा उगम त्यातच आहे. ज्या परसात पावसाळ्याच्या अखेरीस विहिरीचे पाणी हात-दोन हातांवर येते, मग ते कालव्यामुळे असो वा उजनीच्या फुगवट्यामुळे, त्या परसात पाणी मुरविणे निष्फळ आणि अपायकारकही आहे. तेथे छपराचे पाणी टाकीत साठवावे किंवा सरळ ओढ्याकडे न्यावे.

टाकीचा विचार इतरत्रही आधी करावा. ५०० मि.मी. पावसात ८० चौरस मीटरच्या छपरावरून वर्षाला ३६ घनमीटर पाणी उतरते. टंचाईच्या गावात हे पाणी प्रथम साठवावे आणि टाकी भरल्यावरचे बागेत सोडावे, हा क्रम श्रेयस्कर. बागेतून भूजलास किती लाभ होईल याविषयीही अवास्तव कल्पना असू नये. कुजलेल्या बेसॉल्टमध्ये विहिरीला मिळू शकणारे पाणी त्याच्या घनमानाच्या साधारण दोन टक्केच असते. त्यामुळे मुरलेल्या पाण्याने पातळी लवकर वर येते खरी, पण साठा लहान असल्याने ती उतरतेही लवकर.

९. अतिवृष्टी आणि पर्जन्यबाग

पर्जन्यबागांनी ऑक्टोबर २०२० सारखी आपत्ती टळली असती काय, हा प्रश्न साहजिक आहे. वरील घराचेच गणित त्याचे उत्तर देते. सहा तासांत १०० मि.मी. पाऊस झाला, तर छपराचे ७.२ आणि बागेवरचे १.२ मिळून ८.४ घनमीटर पाणी येईल. बाग ३.२४ घनमीटर साठवील आणि सहा तासांत ०.७२ घनमीटर मुरवील. म्हणजे ३.९६ घनमीटर, निम्म्याहूनही कमी. त्याआधी दोन दिवस पाऊस चालू असेल तर एवढेही नाही. उरलेले पाणी सांडव्यावरून जाणारच. तो सांडवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडत असेल तर बागेने उपकाराऐवजी अपकारच केला असे होईल.

मोठा पूर माळावरून व शेतांवरून येणाऱ्या पाण्याचा असतो. तो परसात अडत नाही. त्यासाठी वरच्या पाणलोटाची कामे आणि ओढ्याचे पात्र मोकळे ठेवणे, यांस पर्याय नाही. ओढ्यात घरे व भराव घालून प्रत्येक दारात पर्जन्यबाग करणे म्हणजे मूळ दोषाकडे पाठ फिरविणे होय. परंतु वर्षातील बहुसंख्य पाऊस लहान व मध्यम सरींनी पडतो, आणि गल्लीतील रोजचा चिखल, तुंबलेली गटारे, खालच्या आळीतील ओल ही त्या सरींची फळे आहेत. त्या पाण्याचा बंदोबस्त पर्जन्यबाग करू शकते. शिवाय छपरावरची व अंगणातली धूळ, गाळ पहिल्या पाण्याबरोबर वाहून ओढ्यावाटे जलाशयात जातो, तो बागेत गाळला जातो. गाळ व जड धातू अडविण्यात मातीचा थर प्रभावी ठरतो. पाण्यात विरघळलेले नायट्रेट मात्र तो फारसे अडवीत नाही.

१०. उपसंहार

सारांश, पर्जन्यबागेचे तत्त्व सर्वत्र एकच असले तरी तिचे माप प्रत्येक जमिनीने स्वतः द्यावयाचे असते. डाळजसारख्या गावात एकाच शिवारात माळाची बरड, मध्यम काळी आणि नदीकाठची खोल काळी अशा तीन जमिनी आढळू शकतात, आणि त्या तिहींसाठी रचना तीन प्रकारची होईल. पहिलीत साधा वाफा, दुसरीत मुरमापर्यंत खणून भरलेला वाफा, तिसरीत छिद्रांच्या नळाचा निचरा असलेला वाफा किंवा मग टाकी. हे ठरविण्यास तीन मापे हवीत : मुरूम किती खोलीवर आहे, तो ओला असताना ताशी किती पाणी घेतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीस भूजल किती खाली असते.

ही मापे घेण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. कुदळ, मोजपट्टी, घड्याळ आणि एक पावसाळाभर चिकाटी एवढे पुरते. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उथळ बेसॉल्ट जमिनीवरच वसलेली असल्याने मुरमाच्या वर्तनाचा अभ्यास या परिसरात आधीच चालू आहे. त्यास गावठाणातील परसांची जोड मिळाली पाहिजे. एकाच परसात वैशाखापासून कार्तिकापर्यंत दर महिन्यास मुरण्याचा वेग मोजणे, गाळ साचून तो वेग दोन-तीन वर्षांत किती घटतो हे पाहणे, आणि एका आळीत बागा करून शेजारच्या आळीशी अपधावाची तुलना करणे, हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील विषय आहेत. काळ्या जमिनीतील पर्जन्यबागेचे नियम अशा मोजणीतूनच सिद्ध होतील.